शॉर्ट लिंकसाठी स्वतःचं डोमेन घेताय? या चुका टाळा, आमच्या करून झाल्यात

ताईचा फराळाचा धंदा आहे, घरूनच. दिवाळीच्या ऑर्डरची लिंक आधी फुकटच्या शॉर्टनरवरून (लांब लिंक छोटी करून देणारी साइट) करून पाठवायचो, तर निम्मी गिऱ्हाइकं उलट विचारायची, "अरे ही लिंक दाबू का, बँकेतले पैसे तर नाही ना जाणार?" त्यांचंही बरोबरच आहे, हल्ली अनोळखी लिंक कोण उघडतं. म्हणून म्हटलं आपल्या नावाचं छोटं डोमेन, म्हणजे साइटचा पत्ता, घेऊ आणि लिंका त्यावरच चालवू. घेतलं पण, आणि मग एकेक चुका कळत गेल्या.

पहिली आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे मराठी नावाचं इंग्रजी स्पेलिंग. ताईच्या ब्रँडच्या नावात एक 'व' आहे आणि एक 'क्ष', म्हणजे दुखणं कुठे होतं ते कळलं असेलच. व ला व्ही की डब्ल्यू, क्ष ला केएसएच की नुसता एक्स, झाली ना इथेच चार स्पेलिंगं, आणि आपण घेतलंय त्यातलं एकच. क्लिक करून येणाऱ्याला फरक पडत नाही हो, पण पाकिटावर वाचून दुसऱ्याला फोनवर सांगणारे खूप असतात आणि ते नाव सांगतात, स्पेलिंग नाही. त्यामुळे आता आमची टेस्ट ठरलेली आहे, आत्याला फोन करायचा, नाव एकदाच सांगायचं, परत उच्चारायचं नाही, आणि म्हणायचं टाइप करून व्हॉट्सॅपवर पाठव. आत्या, शेजारच्या काकू आणि भाचा, तिघांकडून सारखं स्पेलिंग आलं तरच डोमेन घ्यायचं. श्री, लक्ष्मी, वाडा, ज्ञान असले शब्द या टेस्टमध्ये हमखास नापास. मधे डॅश आणि आकडे पण नकोत, 4 म्हटलं की कोणी आकडा टाकतं, कोणी अक्षरात फोर लिहितं.

मग भाच्याने डोकं लावलं की लाओस देशाचं डोमेन डॉट एलए आहे, तर "चला" हे सीएचए डॉट एलए असं मस्त तोडून घेता येईल. दिसायला भारी आहे, पण आत्याने ते सरळ जोडून लिहिलं आणि पुढे डॉट कॉम लावलं. विषय संपला.

देशांच्या डोमेनचं आणखी एक असतं, नियम त्या देशाचे. बिट डॉट एलवाय या प्रसिद्ध शॉर्टनरमधलं एलवाय म्हणजे लिबिया, आणि 2010 मध्ये व्हीबी डॉट एलवाय नावाचं शॉर्टनर लिबियाच्या रजिस्ट्रीने (तिथली डोमेन सांभाळणारी संस्था) काढूनच घेतलं होतं, तिथल्या कायद्यात बसत नाही म्हणून. फुकट मिळणाऱ्या डॉट टीके वगैरेची नवी नोंदणी 2023 मध्ये बंद पडली. माझं मत सरळ आहे, गिऱ्हाईक भारतात असेल तर डॉट इन घ्या, लिंक्डइनची शॉर्ट लिंक पण त्यावरच आहे. पहिल्या वर्षी नव्वद रुपये आणि रिन्यूला दोन-अडीच हजार असल्या ऑफरला भुलू नका, रिन्यूचा भाव आधी बघा.

आता देवनागरी. डॉट भारत 2014 पासून मिळतं आणि बॅनरवर खरंच छान दिसतं, मलाही मोह झाला होता. पण आतून ते एक्सएन डॅश डॅश अशा लॅटिन अक्षरांच्या कोडमध्ये चालतं, आणि लिंक कॉपी करून पाठवली की बऱ्याचदा तेच कोड समोर येतं. पुन्हा तोच प्रश्न, "ही कसली लिंक?" डोमेनच्या पुढचा शब्द मराठीत ठेवला तरी हीच गत, "चकली" एवढ्याशा शब्दाची कॉपी केल्यावर टक्के-चिन्हं भरलेली छत्तीस अक्षरं होतात. छोटी लिंक म्हणून केली आणि चकलीपेक्षा लांब झाली.

बरं, किती छोटं हवं? लोक दोन अक्षरं वाचवायला भलत्याच नावावर जातात. ट्विटरवर म्हणजे आताच्या एक्सवर कुठलीही लिंक 23 अक्षरांचीच धरतात, तिथे छोटी असून उपयोग शून्य. मराठी एसएमएसमध्ये मात्र एका मेसेजला 70 च अक्षरं मिळतात (इंग्रजीला 160), तिथे फरक पडतो. क्यूआरलाही पडतो, 25 बाय 25 चौकोनांच्या क्यूआरमध्ये जास्तीत जास्त 32 अक्षरं बसतात आणि त्यातली आठ एचटीटीपीएस, कोलन, स्लॅशमध्येच जातात. उरली चोवीस, म्हणजे दहा-बारा अक्षरांचं डोमेन आरामात चालतं. आणि बल्क एसएमएस करणार असाल तर डीएलटीवर (टेलिकॉम कंपन्यांचं नोंदणी पोर्टल) लिंक व्हाइटलिस्ट, म्हणजे आधी मंजूर, केल्याशिवाय मेसेज जात नाही, टेलिकॉम नियामक ट्रायचा हा नियम 1 ऑक्टोबर 2024 पासून आहे.

डोमेन कोणाच्या नावावर घेतलंय? आमचं वेबसाइटवाल्या पोराच्या अकाउंटवर होतं, तो परदेशी गेला, रिन्यूचे मेल त्यालाच जात होते, आणि साइट बंद पडल्यावर आम्हाला कळलं. सुदैवाने मुदत संपून चारच दिवस झाले होते म्हणून नेहमीच्या भावात परत मिळालं. अकाउंट, ईमेल, मोबाइल नंबर सगळं स्वतःचं ठेवा, अगदी सख्ख्या भावाचंही नको (हे ताईनेच लिहायला सांगितलंय).

लिंक चालत नाही, तेव्हा

मेल बंद झाले: मुख्य डोमेनच्या रूटवर (म्हणजे आधी काही न जोडलेल्या नावावर) सीनेम, म्हणजे एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणारं रेकॉर्ड, लावला असणार. सीनेमसोबत दुसरं रेकॉर्ड राहू शकत नाही, त्यामुळे मेलचं एमएक्स (मेल कुठे पोचवायचं ते सांगणारं रेकॉर्ड) आडवं येतं. त्यापेक्षा आपल्याच डोमेनला "गो" असं सबडोमेन (डोमेनच्या आधी गो डॉट) काढा, सीनेम तिथे लावा, नवीन डोमेनचा खर्चही वाचतो.

घरच्या वायफायवर उघडते, मोबाइल डेटावर नाही: यात माझे दोन दिवस गेले. जुन्या होस्टिंगचं चार ए वालं रेकॉर्ड, म्हणजे आयपीव्ही6 (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) चं, तसंच राहिलं होतं. ज्या नेटवर्कला आयपीव्ही6 आहे ते जुन्या सर्व्हरवर जाऊन आपटत होतं. ते डिलीट केलं आणि थोड्या वेळाने सुरू झालं.

सुरक्षित नाही असं दाखवतंय: सर्टिफिकेट निघालेलं नाही. डीएनएस (डोमेन कुठल्या सर्व्हरवर जातं ती नोंद) नीट पोचलंय का आणि सीएए रेकॉर्ड (सर्टिफिकेट कोणी द्यायचं ते ठरवणारं) कोणाला अडवतंय का ते बघा. डॉट अ‍ॅप आणि डॉट डेव्हवर तर एचटीटीपीएसशिवाय ब्राउझर उघडतच नाही.

लिंक बदलली तरी काहींना जुनंच पान दिसतं: 301, म्हणजे कायमचं वळवणं, लावलंय. ब्राउझर ते लक्षात ठेवतो आणि लोकांच्या फोनमध्ये जाऊन आपण ते पुसू शकत नाही. छापील वस्तूवरच्या लिंकला 302, म्हणजे तात्पुरतं वळवणंच ठेवा.

हाताने टाइप करणाऱ्याला पान सापडत नाही: फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर कॅपिटल करतो. डोमेनला त्याचा फरक पडत नाही, स्लॅशनंतरच्या शब्दाला बहुतेक सर्व्हिसमध्ये पडतो. दोन्ही बनवून ठेवा.

गूगलने स्वतःच्या शॉर्टनरवर नव्या लिंका बनवणं 2019 मध्ये बंद केलं, त्यामुळे आपली सर्व्हिस कायम राहील असं धरू नका. डोमेन आपलं असलं की दुसरीकडे वळवता येतं, पण कुठली लिंक कुठे जात होती ती यादी हवी, नाहीतर नुसतं डोमेन घेऊन काय करणार. ताईची यादी एका शीटमध्ये आहे, एक्केचाळीस लिंका. त्यातली एक जुन्या पाकिटांवरची, जुन्या व्हॉट्सॅप नंबरवर जाते, बदलायची राहिलीच आहे. तो नंबर आता भाच्याकडे आहे आणि त्याला महिन्यातून एकदा तरी अनारशांची ऑर्डर येते.