घोर लागतो तेव्हा या चुका टाळा

आमच्याकडं ‘टेन्शन आलंय’ आणि ‘घोर लागलाय’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेन्शनला कारण सांगता येतं: हप्ता, परीक्षा, पोरीची सोयरीक. घोराला धड नाव नसतं. पहाटे तीनला डोळा उघडतो, पोटात खड्डा पडलेला असतो आणि पुढं काहीतरी वाईट होणार एवढंच डोक्यात फिरत राहतं.

मी लातूर जिल्ह्यातला शिक्षक. घरची कोरडवाहू जमीन धाकटा भाऊ कसतो. मध्यंतरी दीड वर्ष मी या घोरात काढलं. मी डॉक्टर नाही. जे करायला नको होतं ते जवळजवळ सगळं करून झालेला माणूस आहे.

रात्री हिशेब लावायला बसणं

सोयाबीन एवढं झालं तर एवढे, मोंढ्यात भाव पडला तर तेवढे, बाकी सावकाराचे, आडत्याची उचल, लेकीच्या लातूरच्या खोलीचं भाडं आणि मेस. तेच आकडे, तीच बेरीज, आणि पहाटे तिला कधीच चांगलं उत्तर येत नाही. झोपमोड झालेला मेंदू धोका मोठा करून दाखवतो. दिवसा ‘बघू’ वाटणारी गोष्ट रात्री ‘संपलं’ वाटते.

मला समुपदेशकांनी एक साधी युक्ती दिली. काळजीला दिवसात ठरलेली वेळ द्यायची: रोज संध्याकाळी वीस मिनिटं, वही घेऊन, पडवीत. बाकी वेळी काळजी आली की ‘साडेसहाला ये’ म्हणायचं आणि वहीत एक शब्द टिपून ठेवायचा. पहिले आठ दिवस मला हा पोरखेळ वाटला. पण साडेसहाला वही उघडली की निम्मे शब्द शिळे झालेले असायचे. ही वीस मिनिटं झोपेच्या तोंडावर मात्र ठेवू नका.

‘उगाच काळजी करतोस’ म्हणणं

ही चूक घरच्यांची. मराठवाड्यात भीतीला पुरावे शोधत जावं लागत नाही. आजीच्या बोलण्यात १९७२ च्या दुष्काळातली सुकडी आणि खडी फोडणं यायचंच. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीची जमीन हलली, त्यानंतर कित्येकांना दगडी भिंतीच्या आत डोळा लागेना. एप्रिल २०१६ मध्ये तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. आजही आमच्या घरी नळ आला की घागरी, बादल्या, पातेली, शेवटी ताकाचा गंजसुद्धा भरून ठेवला जातो. मग अशा माणसाला ‘चांगला विचार कर’ सांगून काय होणार? त्याला एवढंच कळतं की आपलं या घरात कुणाला पटत नाही. त्यापेक्षा ‘बरं, नेमकं कशाचं भ्या वाटतंय?’ असं विचारून गप बसावं. उत्तर यायला वेळ लागतो.

खात्री मागत फिरणं

माझी सगळ्यात मोठी चूक ही. मे उजाडला की मी फोनवर हवामानाची तीन ॲपं बघायचो, शिवाय व्हॉट्सॲपवर आलेले सगळे अंदाज. एक म्हणायचा ८ जूनला पाऊस, दुसरा म्हणायचा १५ ला. मग भावाला फोन, मग मामांना, मग मोंढ्यातल्या ओळखीच्या आडत्याला. कुणी ‘होतंय सगळं नीट’ म्हणालं की तासभर बरं वाटायचं, पुन्हा तेच. खाज सुटल्यावर खाजवावं तसं. दर वेळी मन शिकतं की खात्री मिळाल्याशिवाय आपल्याला राहवत नाही, आणि पुढच्या वेळी ते ती जास्त जोरानं मागतं. लेक ‘नीट’ परीक्षेच्या अभ्यासाला शहरात आहे म्हणून दिवसातून पाच वेळा ‘किती मार्क पडले?’ विचारणारी आई हेच करत असते. त्यात पोरीलाही घोर लागतो, हे तिच्या ध्यानात येत नाही.

यातून सुटायची वाट मला आमच्याच शिवारात सापडली. परभणीचं कृषी विद्यापीठ दरवर्षी काय सांगतं? ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका. यात पाऊस कधी येणार याचं भाकीत कुठंच नाही. यात अट आहे. अमुक झालं तर तमुक करायचं, तोवर थांबायचं.

मी वहीतली प्रत्येक काळजी तशी लिहायला लागलो. ‘पोरीचा नंबर नाही लागला तर?’ याच्यापुढं: निकालानंतर दोन दिवस कुणीही कॉलेजचा विषय काढायचा नाही, तिसऱ्या दिवशी तिघांनी बसून दुसरे कोर्स बघायचे. ‘भाव पडला तर?’ याच्यापुढं: निम्मा माल काढणीला विकायचा, निम्मा घरात ठेवायचा. ज्या काळजीपुढं काहीच लिहिता येत नाही, तिच्यापुढं फुली. फुलीवाली काळजी जात नाही, हे खरं सांगतो. ती येते, बसते, चहा न घेताच उठून जाते.

हवामानाचा अंदाज आता दिवसातून एकदा, सकाळी. आई मात्र अजूनही दाते पंचांगात पावसाचं वाहन कोणतं ते बघते, म्हैस की बेडूक. तिला मी काही म्हणत नाही.

पाकीट न फोडणं

बँकेचं पत्र आलं ते मी दोन महिने कपाटावर ठेवलं. टाळल्यानं त्या क्षणी हायसं वाटतं, म्हणूनच ते वाईट. शेवटी बायकोनं फोडलं. रक्कम मला वाटली होती तेवढीच निघाली. पण आता काळजीला आकडा होता, तारीख होती, आणि शाखेत जाऊन पुनर्गठनाचं, म्हणजे कर्जाचे हप्ते नव्यानं बांधून घ्यायचं, विचारता येत होतं. एकट्याला फोडवत नसेल तर कुणाला तरी शेजारी बसवून फोडा.

अंगाकडं दुर्लक्ष, किंवा स्वतःच निदान

छातीत धडधड, हाताला मुंग्या, घशाशी आवंढा. मला वाटलं, गेलो. पहिल्यांदा असं झालं तर ‘मनाचंच असेल’ म्हणून घरी बसू नका, दवाखाना गाठा. ईसीजी काढा, थायरॉईड आणि हिमोग्लोबिनही तपासून घ्या, कारण त्यांच्या बिघाडातही अशीच घाबरगुंडी उडते. सगळं ठीक निघालं तर पुढच्या झटक्याला आठवा, ही लाट साधारण दहा मिनिटांत शिगेला जाऊन उतरते. श्वास घेताना मनात चारपर्यंत मोजा, सोडताना सहापर्यंत. जोरजोरात श्वास ओढला की मुंग्या वाढतात.

चहा कमी करा. दिवसाला आठ कप पिऊन धडधड का होते, हे मी डॉक्टरांना विचारलं होतं. ते हसले.

दारू आणि मेडिकलवरची गोळी

दारूनं झोप लागते आणि पहाटे मोडते, तेही दुप्पट घाबरं करून. ओळखीच्या मेडिकलवरून आणलेल्या झोपेच्या गोळीची सवय लागते. मानसोपचारतज्ज्ञ देतात ती घोरावरची औषधं बहुतेक वेळा वेगळी असतात, त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, आणि ‘बरं वाटतंय’ म्हणून ती स्वतःहून बंद करायची नसतात. मी केली होती. महिन्याभरात पुन्हा पहिल्या पायरीवर आलो.

फार उशिरा विचारणं

कामात लक्ष नाही, जेवण तुटलं, झोप नाही, माणसांत बसवत नाही, असं दोन-तीन आठवडे चाललं तर जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात जा. जाणं होत नसेल तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर आहे. फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं.

घरातला कुणी ‘माझ्या माघारी बघा’ असं बोलायला लागला, उगाच देणी-घेणी सांगायला लागला, तर सरळ विचारा, ‘जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतंय का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला जागा होते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका, त्याच दिवशी दवाखान्यात न्या. आणि फवारणीचं औषध घरातून हलवा. आमच्याकडं त्याला नुसतं ‘औषध’च म्हणतात, ते माळवदावर नाहीतर खाटेखाली पडलेलं असतं. शेजाऱ्याच्या कुलपात ठेवा, फवारणीच्या दिवशी मागून आणा. आमचा डबा अजून चुलत्यांच्या कोठीत आहे, किल्ली काकूंकडं.

यंदा जूनमध्ये रात्री अकराला भावाचा फोन आला.
‘‘दादा, चांगला पडून गेला की वो. पेरायचं का सकाळी?’’
आम्ही धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, सरळ कडांचा एक पत्र्याचा डबा मोकळ्या जागी ठेवलाय, पाऊस मोजायला.
‘‘डब्यात पट्टी घाल,’’ म्हटलं.
‘‘घातली. चार सेंटिमीटर.’’
‘‘मग झोप.’’