ॲपचा आयकॉन छोटा केला की पुसट का होतो, आणि त्यावर काय करायचं

मामांच्या दुकानासाठी मी उधारीचं छोटं सॉफ्टवेअर बनवलं होतं, आयकॉन म्हणून ठळक ‘उ’ काढला. मोठा होता तोवर झकास, पण विंडोच्या टायटल बारवर बघतो तर शिरोरेषा राखाडी आणि ‘उ’चं पोट बुजलेलं. मामा म्हणाले, "अरे, शाई फुटल्यासारखं दिसतंय हे."

होतं काय, की २५६ बाय २५६ पिक्सेलचा (पिक्सेल म्हणजे स्क्रीनवरचा एक ठिपका) आयकॉन १६ बाय १६चा केला की आडव्या १६ पिक्सेलांच्या जागी एकच उरतो. म्हणजे ८ पिक्सेल जाड रेघेच्या वाट्याला अर्धा पिक्सेल आला, आणि अर्धा पिक्सेल स्क्रीनला दाखवता येत नाही म्हणून लहान करताना त्या जागी फिकट रंग भरला जातो. त्यामुळे एकच मोठं चित्र काढून लहान करत बसू नका, तीन चित्रं वेगळी काढा: १६चं, ३२चं आणि ४८चं. ऐकायला कटकट वाटते पण तासाभराचं काम आहे.

इंकस्केप हे चित्र काढायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, ते घ्या. डॉक्युमेंट प्रॉपर्टीजमध्ये युनिट पिक्सेल करून पान ४८ बाय ४८चं करा, मग # दाबलं की ग्रिड दिसते, स्नॅपिंग (आकार आपोआप ग्रिडला चिकटणं) चालू ठेवा. आता महत्त्वाचं: रेघ स्ट्रोकने, म्हणजे नुसत्या जाडी दिलेल्या रेषेने मारू नका. १ पिक्सेलचा स्ट्रोक ग्रिडच्या रेषेवर ठेवला की अर्धा वर अर्धा खाली जातो, आणि दोन्ही ओळी फिकट. त्यापेक्षा भरलेला चौकोन काढा, कडा बरोबर ग्रिडवर बसवा.

४८च्या चित्रात जाडी आणि जागा दोन्ही सम आकड्यात ठेवा, २, ४, ६ असं. अँड्रॉइडला ४८, ७२, ९६, १४४ आणि १९२ लागतात, त्यात ७२ म्हणजे दीडपट, तिथे २ची रेघ बरोबर ३ होते पण ३ची साडेचार होऊन परत तेच रडगाणं. विंडोजला लागणारा २४ही याच चित्राचा अर्धा करून मिळतो.

३२चं चित्र आठपट केलं की २५६ तयार. १६चं मात्र हातानेच, आणि इथे जीव घट्ट करून कापाकापी करायची: सावली, ग्रेडियंट, बारीक नक्षी सगळं बाद. मी शिरोरेषा २ पिक्सेलची केली, ‘उ’ची शेपटी आखूड केली, पोटातली मोकळी जागा मुद्दाम वाढवली. मोठा करून बघितला तर अक्षर बेढब दिसतं, पण १६वर लगेच वाचता येतं.

विंडोजसाठी इंकस्केपमधून प्रत्येक साइजची पीएनजी (चित्राची फाइल) काढा, त्या सगळ्या गिंप या फोटो एडिटरमध्ये ‘ओपन ॲज लेयर्स’ने उघडा आणि आयसीओ (विंडोजची आयकॉन फाइल) म्हणून एक्सपोर्ट करा, प्रत्येक लेयर एकेक साइज होतो. गिंपमध्ये स्केल करू नका हां, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात.

अँड्रॉइड ८पासून ॲडॅप्टिव्ह आयकॉन आहेत, मागचा थर वेगळा, पुढचा वेगळा. कॅनव्हास १०८ डीपीचा (डीपी म्हणजे अँड्रॉइडचं स्क्रीनवरचं माप), पण दिसतो मधला ७२चाच आणि त्यालाही कुठला फोन गोल कापतो कुठला चौकोनी, म्हणून अक्षर मधल्या ६६ डीपीच्या वर्तुळात बसवा. अँड्रॉइड स्टुडिओतल्या ‘इमेज ॲसेट’ला एसव्हीजी (इंकस्केपची मूळ फाइल) दिली की बाकीचं तो बघतो. प्ले स्टोअरला ५१२चा आणि ॲपलला १०२४चा पूर्ण चौकोन द्या, कोपरे तुम्ही गोल करू नका, ते तिकडे होतात.

शेवटी तपासताना झूम १०० टक्केच ठेवा, आणि पांढऱ्या-काळ्या दोन्ही बॅकग्राउंडवर बघा. विंडोजवर बदलूनही जुनाच आयकॉन दिसत असेल तर घाबरू नका, विंडोज आयकॉन साठवून ठेवतं, फाइलचं नाव बदलून बघा. मी त्या नादात बरोबर झालेला ‘उ’ तीनदा परत काढला होता.