मसाज थेरपिस्ट व्हायचंय? फी भरण्याआधी एवढं वाचा

परवा आमच्या बिल्डिंगमधली एक मुलगी आली, बारावी झालीये, हातात पॅम्प्लेट. त्यावर लिहिलेलं, दहा दिवसांत इंटरनॅशनल सर्टिफिकेट आणि शंभर टक्के जॉब. ताई भरू का पैसे, असं विचारत होती. तिला दीड तास बसवून जे सांगितलं तेच इथे लिहितेय, कारण कळवा, ठाणे, ऐरोली, कोपरखैरणे, सगळीकडून मला हाच प्रश्न येतो आणि फोनवर दर वेळी अर्धंच सांगून होतं. मी स्वतः चौदा वर्षं हे काम करतेय, आधी वाशीला एका स्पामध्ये, मग घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमध्ये घरोघरी जाऊन, आणि आता बहुतेक बाळंतिणी आणि बाळं.

दहा दिवसांत कोणी थेरपिस्ट होत नाही. दहा दिवसांत स्ट्रोकचा, म्हणजे हात फिरवायच्या प्रकारांचा, क्रम पाठ होतो, तेवढंच. हाताला कळायला लागतं की इथला स्नायू आखडलाय, इथे सूज आहे, इथे माणूस श्वास रोखून धरतोय, ते यायला वेगवेगळ्या शरीरांवर महिनोन्महिने हात फिरावा लागतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात मसाजच्या लायसन्ससाठी १००० तासांचं शिक्षण लागतं. आपल्याकडे मसाज थेरपिस्टला असं लायसन्सचं बंधनच नाही, त्यामुळे कोणीही क्लास काढतो आणि कोणीही सर्टिफिकेट छापतो. म्हणून चौकशीला गेलात की फी विचारायच्या आधी हे विचारा, एकूण तास किती, त्यातले प्रत्यक्ष हात लावायचे किती, एका टेबलवर किती मुली, आणि शिकवणारी व्यक्ती स्वतः अजून क्लायंट घेते का. चालू बॅच अर्धा तास बघू द्या म्हणा. नाही म्हणाले तर तिथून सरळ निघा.

रस्ते साधारण तीन आहेत. एक स्पाचा, त्यात ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचे असिस्टंट स्पा थेरपिस्ट आणि स्पा थेरपिस्ट असे कोर्स असतात, सरकारी कौशल्य योजनेतून कधी कधी फी न भरताही होतात. मोठ्या हॉटेलात किंवा बाहेरदेशी जायचं असेल तर सिडेस्को सारख्या परदेशी संस्थांची परीक्षा देतात पण ती महाग पडते, पहिल्याच वर्षी कर्ज काढून करू नका. दुसरा रस्ता पंचकर्माचा, अभ्यंग म्हणजे अंगाला तेल चोळणं, शिरोधारा म्हणजे कपाळावर तेलाची धार, पिंडस्वेद म्हणजे औषधी पोटलीने शेकणं वगैरे, इथे तुम्ही वैद्यांच्या हाताखाली काम करता आणि काय करायचं ते वैद्य ठरवतात. नेरूळला डी. वाय. पाटीलचं आयुर्वेद कॉलेज आणि हॉस्पिटल आहे, ठाण्यात वैद्यांचे खाजगी दवाखाने भरपूर, तिथे मदतनीस म्हणून लागून बऱ्याच जणी शिकल्यात. तिसरा आपला जुना, बाळंतिणीच्या मालिशवाल्या मावशीच्या मागे जाऊन शिकायचा. त्याला कमी लेखू नका, मला माझ्या आत्येने शिकवलं तेवढं कुठल्या क्लासने शिकवलं नाही. आणि जी मावशी आधीपासून काम करतेय पण हातात कागद नाही, तिच्यासाठी आरपीएल म्हणून प्रकार आहे, म्हणजे आधीच्या अनुभवाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देतात, पूर्ण कोर्स करावा लागत नाही.

एक स्पष्ट सांगते. आपण फिजिओथेरपिस्ट नाही. ती साडेचार-पाच वर्षांची डिग्री आहे आणि महाराष्ट्रात त्यांची कौन्सिलची नोंदणी असते. हाड बसवणं, मणका कडकन वाजवणं, स्लिप डिस्क बरी करतो म्हणणं, हे आपलं काम नाही, कोणी कितीही आग्रह केला तरी.

आता शिकायचं काय. पाश्चात्य मसाजमध्ये पाच मूळ प्रकार, तेल पसरवत लांब हात फिरवणं, कणकेसारखं मळणं, एका जागी गोल गोल घासणं, थोपटणं आणि थरथर देणं. क्लासमध्ये त्यांना एफ्लुराज, पेट्रिसाज, फ्रिक्शन, टॅपोटमेंट, व्हायब्रेशन म्हणतात, नावं पाठ करा कारण इंटरव्ह्यूला विचारतात. थाई मसाज वेगळा, तो कपडे घालून, जमिनीवर गादी टाकून, तेलाशिवाय, ताण देत देत करतात, २०१९ मध्ये युनेस्कोने त्याला वारसा यादीत घेतलं. पण आधी एकच पद्धत नीट घ्या. तीन-तीन पद्धती एका महिन्यात शिकवणाऱ्या क्लासमधून आलेल्या मुलींचे हात मी बघितलेत, कुठलाच धड नसतो.

आणि शरीररचना. मुली याला घाबरतात पण मजा येते खरं तर. मोठा कागद भिंतीला लावा आणि रोज एक भाग, आज खांदा, उद्या पाठ. मणक्याची हाडं मानेत ७, छातीमागे १२, कमरेत ५, मग माकडहाडापर्यंतचा भाग, हे बोटांनी घरच्या माणसाच्या पाठीवर मोजून बघा, पुस्तकातलं चित्र एकदम जिवंत होतं. मग जिथे जोर द्यायचाच नाही त्या जागा शिका, मानेची पुढची बाजू, काख, कोपराच्या आतली बाजू, गुडघ्यामागचा खळगा, जांघ, शेवटच्या बरगड्यांच्या खाली जिथे किडन्या असतात तिथे, आणि मणक्याच्या हाडावर थेट. तिथे नसा आणि रक्तवाहिन्या अगदी वर असतात, अंगठा रोवला की इजा होते.

या सगळ्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे कधी हात लावायचा नाही ते. ताप असताना नाही, उघडी जखम किंवा पसरणारा त्वचेचा आजार असताना नाही, ऑपरेशन नुकतंच झालेलं असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, कॅन्सरचे उपचार चालू असतील तरी तसंच, फुगलेल्या निळ्या शिरांवर जोर नाही, हाडं ठिसूळ झालेल्या म्हाताऱ्या माणसाला खोल दाब नाही. माझं दुसरं की तिसरं वर्ष होतं, नौपाड्यात एका आजोबांच्या पाठीला मी चांगला जोर लावला, त्यांनाच तसा हवा होता. दुसऱ्या दिवशी त्यांच्या सुनेचा फोन, पाठभर काळेनिळे डाग. ते रक्त पातळ करायच्या गोळ्या घेत होते आणि मी विचारलंच नव्हतं. त्यांनी काही ओरडलं नाही मला, पण ते डाग मी जाऊन डोळ्यांनी बघितले आणि तेव्हापासून एक वही ठेवलीये. नवीन माणूस आला की पाच मिनिटं बसून विचारते, बीपी, शुगर, कुठल्या गोळ्या चालू, ऑपरेशन, पाळी किंवा दिवस गेलेत का, कसली अ‍ॅलर्जी, कुठे मुंग्या येतात का. बदाम तेल तर विचारल्याशिवाय अंगाला लावतच नाही.

बाळंतिणीचं जरा सविस्तर सांगते कारण आपल्याकडे हे काम खूप आहे आणि चुकाही इथेच जास्त होतात. बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत पायाच्या शिरेत रक्ताची गुठळी व्हायचा धोका नेहमीपेक्षा बराच जास्त असतो. घरातल्या मोठ्या बायका हमखास म्हणतात, तिची पोटरी दुखतेय तिथे जरा जोरात चोळ. आधी दोन्ही पोटऱ्या शेजारी शेजारी बघा, हाताच्या मागच्या बाजूने गरमपणा बघा. एकच पाय सुजलाय, गरम आहे, लाल दिसतोय, दुखतोय, तर तेलाची वाटी खाली ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवा, ती गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर जीव जाऊ शकतो. त्या दिवसाचे पैसे गेले तर गेले. सिझर असेल तर टाक्यांच्या आसपास हात नाही आणि पोटाला तर डॉक्टर हो म्हणेपर्यंत नाहीच, तोवर डोकं, खांदे, पाठ कुशीवर झोपवून, हातपाय हलकेच.

बाळाला चोळताना नाकात कानात तेल सोडणं, छाती पिळणं, पायाला धरून उलटं करणं, हे सगळं बंद. आत्या माझी हे करायची, तिला समजावायला मला दोन वर्षं लागली. दूध पाजल्यावर लगेच नाही, लस टोचली त्या जागेवर नाही, आणि बाळ रडून अंग ताठ करायला लागलं की थांबायचं, मग मालिश अर्धी राहिली तरी चालेल. मोहरीचं तेल नाजूक कातडीला झोंबतं म्हणून मी साधं खोबरेल घेते, जानेवारीच्या सकाळी थिजलेलं असतं, वाटी गरम पाण्यात ठेवायची, गॅसवर नाही, आणि आधी स्वतःच्या मनगटावर थेंब.

आता तुमचं स्वतःचं शरीर. या धंद्यातून मुली बाहेर पडतात त्या बऱ्याचदा अंगठा आणि मनगट गेल्यामुळे. जोर बोटांचा लावायचाच नाही, एक पाय पुढे एक मागे, गुडघे थोडे वाकवून, कमरेपासून सगळं वजन पुढे झुकवायचं, मनगट शक्य तितकं सरळ. खोल दाब द्यायचा तर कोपराखालचा हात वापरा. टेबलाशेजारी सरळ उभं राहून हात सोडले की मुठीची हाडं टेबलाला जेमतेम टेकली पाहिजेत, तेवढी उंची बहुतेकांना बरोबर बसते. लोकांच्या बेडवर वाकून काम करत राहिलात तर कंबर जाणार, म्हणून घरी जाणाऱ्यांनी निदान गुडघ्याखाली घ्यायला जाड मॅट तरी न्यावी. सुरुवातीला दिवसाला तीन क्लायंट पुरे, मध्ये अर्धा तास.

सराव घरच्यांवर करा पण फक्त घरच्यांवर नको, ते सगळंच छान म्हणतात. बारीक, जाड, म्हातारं, ऑफिसात बसून मान अवघडलेलं, असं प्रत्येक प्रकारचं माणूस शोधा, ऐरोलीच्या आयटीवाल्यांच्या माना तर शिकायला एक नंबर. त्यांना सांगा दाब एक ते दहात किती वाटतोय ते बोला, सातच्या वर गेलं की कमी करा. कधी डोळे मिटून करून बघा. आणि चादर, ज्या भागावर काम चालू तेवढाच उघडा, बाकी झाकलेलं, हे हात चालवण्याइतकंच शिकायचं असतं.

नोकरीचं बोलू, यात मी कडक आहे. इंटरव्ह्यूला एकट्या जाऊ नका, दिवसा जा. मूळ मार्कशीट किंवा आधार कार्ड जमा करून घेत असतील तर नोकरी घेऊ नका, झेरॉक्स द्या. पगार कमी पण टिप भरपूर असं कोणी डोळा मारून सांगितलं तर उठा. स्पाच्या नावाखाली चुकीचे धंदे करणाऱ्यांवर पिटा, म्हणजे वेश्याव्यवसायासाठी होणारा व्यापार रोखणाऱ्या कायद्याखाली, धाडी पडतात आणि तिथे कामाला असलेल्या साध्या मुलींचेही हाल होतात. क्लायंटने हात लावला, घाणेरडं बोलला, तर सेशन तिथेच बंद, चादर टाकून खोलीबाहेर, मॅनेजरला सांगायचं. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर कामाच्या जागी बायकांच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने तिथे तक्रार समिती हवीच, कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. वाशी, नेरूळ, बेलापूर ठाणे जिल्ह्यात येतं आणि खारघर, पनवेल रायगडमध्ये, हे माहीत असू द्या नाहीतर चुकीच्या ऑफिसात फेऱ्या होतात. तातडीला ११२, बायकांसाठी १८१.

स्वतःचं सुरू करायचं असेल तर निदान दोन वर्षं दुसऱ्याकडे काम करून मगच. उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या धंद्याची नोंदणी, सरकारी पोर्टलवर फुकट होते, एजंटला पैसे देऊ नका. अ‍ॅपवरून काम घेतलं तर कमिशन, रद्द झाल्यावरचा दंड, रेटिंगचे नियम आधी नीट वाचा. घरी जाताना पत्ता आणि वेळ घरच्या कोणाला तरी पाठवूनच लिफ्टमध्ये शिरा, मी अजून पाठवते. अनोळखी पुरुषांकडे मी जातच नाही, ते काम पुरुष थेरपिस्टला देते.

बॅगेत दोन धुतलेल्या चादरी, चार टॉवेल, तेलाच्या छोट्या बाटल्या, हात धुवायचा साबण, ती वही, आणि नेलफायलर. नखं आदल्या रात्रीच कापून घासून ठेवा, सकाळी घाईत कापली की कडा टोचतात.