कंपनीचं नाव ठरवताय? अर्ज भरण्याआधी या चुका टाळा

नागपूरच्या इतवारीतल्या दुकानाचं किंवा हिंगणा-बुटीबोरीतल्या युनिटचं प्रायव्हेट लिमिटेड करायचं ठरलं की पहिली परीक्षा नावाची असते. कंपनी नोंदणीच्या ऑनलाइन ‘स्पाइस प्लस’ फॉर्मच्या भाग ‘अ’मध्ये पसंतीक्रमाने दोन नावं द्यायची, १,००० रुपये भरायचे आणि हरियाणातल्या मानेसर इथल्या केंद्रीय नोंदणी केंद्राच्या उत्तराची वाट बघायची. दोन्ही नावं फेटाळली गेली तर नवा अर्ज आणि पुन्हा हजार. बहुतेक नावं अडतात ती कारणं अर्धा तास बसून आधीच कळण्यासारखी असतात.

पूर्ण नाव टाकून शोधणं

कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या म्हणजे एमसीएच्या पोर्टलवर ‘चेक कंपनी नेम’मध्ये लोक ‘अमुक ॲग्रो फूड्स प्रायव्हेट लिमिटेड’ असं सगळं टाकतात. यादी रिकामी आली की खूश! पण नाव तपासणारा अधिकारी ‘प्रायव्हेट लिमिटेड’ बाजूला ठेवून उरलेलं नाव बघतो. म्हणून नावातला वेगळेपणाचा शब्द तेवढा टाका, बहुधा तो पहिलाच असतो. मग त्याची सगळी स्पेलिंगं टाकून बघा. मराठी नावांची खरी गोची इथेच आहे. अर्ज इंग्रजी लिपीत जातो आणि ‘शक्ती’च्या शेवटी कोणी आय लावतं, कोणी डबल ई, कोणी वाय. ‘श्री’चीही तीच गत. उच्चार सारखा असेल तर स्पेलिंग बदलून नाव वेगळं ठरत नाही. शब्द जोडून आणि तोडून, दोन्ही प्रकारे शोधा. एलएलपींची (मर्यादित दायित्व भागीदारी संस्थांची) यादीही न चुकता बघा, कारण तिथलं नावही तुमच्या कंपनीला आडवं येतं.

बारीक फरक पुरेसा आहे असं समजणं

कंपनी (निगमन) नियम, २०१४ मधला नियम ८ इथे लागू होतो. २०१९ मध्ये तो नव्याने लिहिला गेला. एकवचनाचं अनेकवचन केलं, शब्दांची उलटापालट केली, मध्ये टिंब किंवा डॅश घातला, शेवटी ‘डॉट कॉम’ जोडलं, तरी नाव तेच धरलं जातं. मधे आकडा घालूनही सुटका नाही, तो आकडाच ब्रँड असेल तर गोष्ट वेगळी. संपूर्ण नावाचं हिंदी किंवा इंग्रजी भाषांतरही चालत नाही. ‘नॅशनल इलेक्ट्रिसिटी कॉर्पोरेशन’ असताना ‘राष्ट्रीय विद्युत निगम’ मिळणार नाही, हे नियमातलंच उदाहरण आहे.

आपल्याकडची सगळ्यात लाडकी युक्ती म्हणजे गावाचं नाव जोडणं. आधीच्या कंपनीच्या नावात गाव नसेल तर तुम्ही ‘नागपूर’ घातल्याने काही बदलत नाही. ‘विदर्भ’, ‘ऑरेंज सिटी’ हे शब्द तर इतके वापरून झालेत की त्यांच्या जिवावर नाव उभं करण्यात अर्थ नाही. स्वतःचा एखादा घडवलेला शब्द पुढे ठेवा आणि ‘ॲग्रो’, ‘इन्फ्रा’, ‘टेक’ असला धंद्याचा शब्द मागे.

ट्रेडमार्क न बघणं

सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. एमसीएकडे नाव मोकळं असलं तरी कोणाचा नोंदणीकृत ट्रेडमार्क, किंवा नुसता दाखल केलेला अर्जही, त्याच्याशी जुळत असेल तर नाव अडतं. ट्रेडमार्क रजिस्ट्रीच्या सार्वजनिक शोधात ‘वर्डमार्क’ (शब्दानुसार) आणि ‘फोनेटिक’ (उच्चारानुसार) दोन्ही पर्याय वापरा. ट्रेडमार्कचे एकूण ४५ वर्ग आहेत, १ ते ३४ मालाचे आणि ३५ ते ४५ सेवांचे. एकच वर्ग बघून थांबू नका. संत्र्याचंच घ्या. ताजं फळ ३१ मध्ये, रस ३२ मध्ये, मिठाई ३० मध्ये, मुरंबा २९ मध्ये आणि हे सगळं वाढणारं हॉटेल ४३ मध्ये.

स्टेटस ‘ऑब्जेक्टेड’ (रजिस्ट्रीचा आक्षेप) किंवा ‘अपोझ्ड’ (दुसऱ्या कोणाचा विरोध) दिसलं म्हणजे मार्क मेला असं नव्हे, तो अर्ज अजून जिवंत आहे. ‘अबँडन्ड’ (सोडून दिलेला) किंवा ‘रिफ्यूज्ड’ (नाकारलेला) अर्जाची गोष्ट वेगळी. मार्क घरचाच असेल तरी कागद लागतो. तो वडिलांच्या नावावर आणि कंपनी मुलाची, असं असेल तर वडिलांचं ना-हरकत पत्र अर्जासोबतच जोडा.

चुकून नाव मंजूर झालं तरी धोका टळत नाही. कंपनी कायद्याच्या कलम १६ प्रमाणे ट्रेडमार्कचा मालक कंपनी स्थापन झाल्यापासून तीन वर्षांच्या आत तक्रार करू शकतो. आदेश निघाला की तीन महिन्यांत नाव बदलावं लागतं. नाही बदललं तर सरकारच नवं नाव देतं. त्यात ‘ओआरडीएनसी’ ही अक्षरं, वर्ष, अनुक्रमांक आणि कंपनीचा सीआयएन म्हणजे ओळख क्रमांक, एवढंच. असं लेटरहेड घेऊन बँकेत जाऊन बघा!

शब्दांची बंधनं विसरणं

‘नॅशनल’, ‘बोर्ड’, ‘कमिशन’, ‘ब्युरो’, ‘म्युनिसिपल’, ‘पंचायत’ अशा शब्दांना केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. ‘बँक’, ‘इन्शुरन्स’, ‘म्युच्युअल फंड’ म्हटलं की त्या त्या नियामकाच्या मंजुरीचा प्रश्न येतो. आपल्याकडे आणखी एक गोष्ट हमखास घडते. महाराजांवरच्या श्रद्धेपोटी नावात ‘शिवाजी’ घातलं जातं, पण चिन्हे व नावे यांच्या अनुचित वापरास प्रतिबंध करणाऱ्या १९५० च्या कायद्याच्या अनुसूचीत हा शब्द आहे. ‘गांधी’ आणि ‘नेहरू’ही आहेत.

बंद पडलेली कंपनी मोजायची नाही?

मोजायची. एमसीएच्या ‘मास्टर डेटा’ या कंपन्यांच्या माहितीत ‘स्ट्राइक ऑफ’ (नोंदवहीतून काढलेली) दिसणाऱ्या कंपनीचं नाव राजपत्रातल्या सूचनेपासून २० वर्षं अडलेलं असतं. नाव बदललेल्या कंपनीचं जुनं नाव ३ वर्षं मिळत नाही.

गुमास्ता, उद्यम नोंदणी, जीएसटी किंवा विकत घेतलेलं डोमेन यांपैकी कशानेही कंपनीच्या नावावर हक्क मिळत नाही. दहा वर्षं त्याच पाटीखाली धंदा केला असला तरीही.

मंजुरीनंतर निवांत बसणं

नव्या कंपनीसाठी नाव मंजुरीपासून फक्त २० दिवस राखून ठेवलं जातं. तेवढ्यात त्याच फॉर्मचा भाग ‘ब’, म्हणजे कंपनी स्थापनेचा अर्ज, भरायचा असतो. नाव हातात आल्यावर डिजिटल सही काढायला निघालात, पॅन आणि आधारवरचं स्पेलिंग जुळत नाही हे तेव्हा कळलं, की दिवस संपतात. कार्यालयाच्या पत्त्यासाठीचं वीज बिल दोन महिन्यांपेक्षा जुनं नको, जागामालकाचं ना-हरकत पत्रही हवं. हे सगळं नावाच्या अर्जाआधी फाइलमध्ये असू द्या. तरी उशीर झालाच तर २० दिवस संपायच्या आत १,००० रुपये भरून मुदत एकूण ४० दिवसांपर्यंत नेता येते. ती संपायच्या आत आणखी २,००० भरले की ६० दिवस. एकदम ६० हवे असतील तर पहिल्या वीस दिवसांतच ३,००० भरा.

आणि ‘रिसबमिशन’चा ईमेल आला तर घाबरू नका, तो नकार नव्हे. १५ दिवसांत त्रुटी दुरुस्त करून तोच अर्ज पुन्हा पाठवता येतो, पण ही संधी एकदाच. शेरा नीट वाचा. ट्रेडमार्कचा आक्षेप असेल तर स्पेलिंग बदलून तेच नाव परत टाकू नका. मालकाची संमती जोडा, नाहीतर सरळ दुसरं नाव द्या.