करी चिकन सॅलडची तयारी (आणि चिकन गार करा)

मागच्या वेळी नणंद जेवायला होती, मी घाईत कोमट चिकनवरच मेयो ओतलं, दहा मिनिटांत तेल सुटून वर आलं, खाली पिवळं पाणी, त्यात द्राक्षं तरंगतायत. "रस्सा छान झालाय गं," म्हणाली. तर यावेळी नीट लिहून ठेवते.

एकला जेवायचं असेल तर चिकन नऊला गॅसवर हवं. साडेअकराला नाही, नऊला!! चौघांना अर्धा किलो बोनलेस ब्रेस्ट, मीठ, तमालपत्र, चार मिरे, पाणी बुडेपर्यंत, मंद आचेवर पंधराएक मिनिटं, जाड तुकडा कापून बघायचा, आत गुलाबी नको. मग ताटात पसरून पंख्याखाली. झाकण ठेवायचं नाही, वाफ झाकणाला धरते आणि पाणी परत चिकनवरच पडतं, मागच्या वेळचं निम्मं पाणी तेच होतं. अर्ध्या तासाने फ्रीजमध्ये. हात लावून "चालेल की" वाटलं तरी चालत नाही, गारच लागतं.

करी पावडर आपल्याकडे घरात नसते, आधी आणून ठेवा, गरम मसाला घालून भागवू नका, लवंग-दालचिनीच पुढे येते. दोन लहान चमचे, तेलात मंद आचेवर अर्धा मिनिट परतायची, नाहीतर कच्ची हळद लागते. आणि हो, हे तेलही गार करायचं, यानेही मेयो फुटतं.

फळं. द्राक्षं एक वाटी, आत्ता नाशिकची आहेतच, धुवून फडक्यावर कोरडी करून अर्धी कापायची. सफरचंद एक, लिंबू लावून. ताजा अननस अजिबात नको, त्यातल्या एन्झाइमने चिकन पिठूळ होतं, डब्यातला चालतो कारण तो तापवलेला असतो. काकडी कोण घालतं मला माहीत नाही, पाणी कमी पडलंय का?

मेयो चार मोठे चमचे, तीन चमचे चक्का (नुसतं दही नाही), आणि मँगो चटणीऐवजी दीड चमचा साखरआंबा, आईकडचा असेल तर उत्तमच. लिंबू, मीठ. चव घ्या, थोडं जास्त गोड-तिखट हवं कारण गार झाल्यावर चव दबते.

हा पदार्थ मुळातच थंड, 1953 साली लंडनमध्ये राणी एलिझाबेथच्या राज्याभिषेकाच्या जेवणासाठी रोझमेरी ह्यूम आणि कॉन्स्टन्स स्प्राय यांनी बसवला तेव्हाही आधी करून ठेवता यावा म्हणूनच. त्यात जर्दाळू होते, द्राक्षं नव्हती, असो. सांगायचं काय तर त्यांनीही गार केलं असणार.

बाराला फ्रीज उघडा, चिकनला हात लावा. गार आहे? खरंच गार? मग हाताने मोकळं करा, सॉस, फळं, बेदाणे, कांद्याची पात. काजू भाजून शेवटी, नाहीतर मऊ पडतात. परत फ्रीज. पाव, लेट्यूस, जे असेल ते. उरलं तर लगेच आत, उन्हाळ्यात तासभरसुद्धा बाहेर नको.

नणंदेला फोन करायचाय, एकला ये म्हणून, बाराला नको.