पूर्व-पश्चिम धर्मविचारांची तुलना करायचीये? ईयोब आणि तुकोबा शेजारी ठेवून वाचा

पूर्वेकडचं अध्यात्म आत बघतं, पश्चिमेकडचं बाहेर, असली वाक्यं इतक्यांदा कानावर पडतात की ती कोणी तपासतच नाही. मला हा विषय फार जवळचा आहे म्हणून सांगतो, अख्ख्या पूर्वेची अख्ख्या पश्चिमेशी तुलना करायला जाऊ नका, हाती काही लागत नाही. एकच प्रश्न घ्या, आणि त्या प्रश्नात पोळलेली दोन माणसं घ्या.

मी घेतो तो प्रश्न : सरळ माणसाच्या वाट्याला एवढं दुःख का? एकीकडे बायबलमधला ईयोब, दुसरीकडे देहूचे तुकोबा. (ईयोबाचा ग्रंथ मुळात हिब्रूतला, म्हणजे आशियातलाच, पण युरोपातल्या ख्रिस्ती विचाराने तो शतकानुशतकं घोळवलाय.)

आधी ईयोब वाचा. ४२ अध्याय आहेत, सगळे एका दमात होणार नाहीत, तर पहिले पाच आणि मग थेट ३८ ते ४२ असं केलं तरी चालेल. ७,००० मेंढरं, ३,००० उंट, सात मुलगे, तीन मुली, सगळं जातं, अंगभर फोड येतात. मित्र येतात, सात दिवस नुसते शेजारी बसून राहतात आणि मग तोंड उघडतात ते हेच सांगायला की तुझंच काहीतरी चुकलं असणार. इथे थांबा आणि हे आपल्याकडे कोण कोण म्हणतं ते आठवा. 'कर्माची फळं' हेच ना? पण एक मोठा फरक आहे, ईयोबाला मागचा जन्मच नाही, म्हणून तो छातीठोकपणे म्हणू शकतो की मी निर्दोष आहे, देवा तू उत्तर दे. आपल्या चौकटीत हे म्हणायची सोयच नाही, कारण मागच्या जन्माचा हिशोब कोणाकडेच नसतो. माझ्या मते दोन परंपरांमधला खरा फरक इथे सापडतो, आत-बाहेर मध्ये नाही.

आता गाथा उघडा. १६३० च्या आसपासचा भयंकर दुष्काळ, 'दुष्काळें आटिलें द्रव्यें नेला मान, स्त्री एकी अन्न अन्न करितां मेली' असं तुकोबा स्वतः सांगतात, आणि तेच दुसरीकडे म्हणतात 'बरें जालें देवा निघालें दिवाळें'. हे 'बरें जालें' घाईने वाचू नका, आणि बघा ते देवाशी भांडतातच की, अगदी कचाकचा, पण न्यायासाठी नाही, भेट देत नाहीस म्हणून. ईयोब न्याय मागतो, तुकोबा भेट मागतात.

मग पुन्हा ईयोबाकडे या. शेवटी देव वादळातून बोलतो आणि 'तुला दुःख का दिलं' याचं उत्तर देतच नाही! उलट विचारतो, मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास. आणि तरी ईयोब शांत होतो, म्हणतो की आजवर तुझ्याबद्दल नुसतं ऐकलं होतं, आता डोळ्यांनी पाहिलं. म्हणजे मागितला न्याय आणि मिळाली भेट! मला ही जागा दरवेळी हलवून जाते. आणि देव मित्रांवर रागावतो, माझ्याबद्दल खरं बोलला तो ईयोब, तुम्ही नाही, असं म्हणतो.

पण लगेच 'सगळे धर्म एकच' असं लिहून मोकळं होऊ नका. ईयोबाला मेंढरं, उंट दुप्पट परत मिळतात. तुकोबांनी मात्र, परंपरा सांगते तसं, धाकट्या भावाचा वाटा त्याला दिला आणि आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. एकाचं भरून येतं, दुसरा उरलेलंही सोडून देतो, हा फरक फरक म्हणूनच राहू द्या.

दोन्ही वाचून झाल्यावर रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग घ्या. १८९५ मध्ये ख्रिस्ती झालेला हा कवी म्हणायचा की मी तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, म्हणजे तुलना वहीत नाही तर जगून केलेली. तिथून पुढे तुम्हाला छळणारा दुसरा प्रश्न घ्या, मरणाचा घ्या, क्षमेचा घ्या, आणि त्यासाठी पुन्हा दोनच माणसं शोधा.