व्हेटच्या पोरांना रिसर्चला लावायचं तर लेंड्यांपासून सुरू करा

दहिवडीकडं प्रॅक्टिस करतो, त्यामुळं शिरवळला किंवा आणखी कुठं व्हेटरनरी करणारी आसपासची पोरं सुट्टीत बरोबर फिरायला येतात. साडेपाच वर्षांचा कोर्स, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिप, आणि चांगली हुशार पोरंपण म्हणतात रिसर्चचं पीजीला गेल्यावर बघू. मला ते पटत नाही. पॅरासायटॉलॉजीचा, म्हणजे जंत-परजीवींचा, पेपर झाला की लगेच एक छोटं काम करून घ्यायचं. मी कसं करून घेतो ते लिहितो, कॉलेजातल्या सरांनाही चालेल.

टॉपिक देऊ नका. दिला की पोरगं नेटवरून दहा पानं उतरवून आणतं. त्यापेक्षा कळपावर न्या आणि गप्प बसा. एका वाड्यावर म्हातारबा म्हणाले, "डॉक्टर, ह्या जंताच्या औषधानं काय फरक पडंना, पाणीच पाजतोय जणू." बरोबरची पोरगी म्हणाली अल्बेंडाझोल चालायलाच पाहिजे, पुस्तकात आहे. म्हणलं मग लेंड्यांतली जंतांची अंडी औषधाच्या आधी आणि नंतर मोजू. ह्या कळपात हे औषध चालतंय का, बास, एवढाच प्रश्न. "सातारा जिल्ह्यातील शेळ्यामेंढ्यांमधील जंतप्रादुर्भाव" असलं काही धरलं तर पोरगं पास होऊन जाईल पण काम संपणार नाही.

परवानगीचं आधीच बघा. मालकाला काय करणार ते त्याच्या भाषेत सांगायचं, आणि काम कॉलेजच्या नावानं होणार असेल तर तिथल्या अॅनिमल एथिक्स कमिटीला सुरू करायच्या आधी विचारायचं, नंतर नाही.

मग दहा-पंधरा शेळ्या निवडायच्या, कानात टॅग, आणि हातमोजा घालून लेंड्या थेट गुदद्वारातून घ्यायच्या, खाली पडलेल्या उचलायच्या नाहीत कारण त्या कुणाच्या ते कळत नाही. पिशवीवर नंबर पर्मनंट मार्करनं. हे सांगतोय कारण मी स्वतः शिकत असताना बॉलपेननं लिहिले होते, बर्फाच्या डब्यात पाणी झालं आणि सगळे नंबर पुसले, अख्ख्या दिवसाचे सॅम्पल टाकून दिले. सॅम्पल गार ठेवा पण फ्रीझरमध्ये नको, आणि उन्हात तर अजिबात नको, अंडी फुटून अळ्या बाहेर येतात आणि मोजायला काही राहत नाही.

मोजायला मॅकमास्टर स्लाइड, म्हणजे मायक्रोस्कोपखाली अंडी मोजायची दोन कप्प्यांची काच. ४ ग्रॅम लेंड्या, ५६ मिली मिठाचं संपृक्त पाणी, खलात चेचून चहाच्या गाळणीतून गाळायचं, स्लाइडचे दोन्ही कप्पे भरून पाच मिनिटं थांबायचं म्हणजे अंडी वर तरंगतात. दोन्ही कप्प्यांतली मिळून जेवढी दिसतील त्याला ५० नं गुणलं की एका ग्रॅममागं किती अंडी ते आलं. इथं एक गंमत करा, तीच स्लाइड दोन पोरांना वेगवेगळी मोजायला द्या. एकाची १८, दुसऱ्याची २५. हवेचे बुडबुडेपण मोजलेले असतात! भांडू द्या, मग दोघांना एकत्र बसवून परत मोजायला लावा. मोजणी किती कच्ची असू शकते हे त्या दिवशी जेवढं कळतं तेवढं माझ्या लेक्चरनं कळत नाही.

औषध पाजताना वजन काट्यावरच करायचं. म्हातारबांनी २५ किलो सांगितलेली शेळी ३४ भरली, म्हणजे इतके दिवस डोस कमीच जात होता. वर शेळीच्या अंगातून हे औषध मेंढीपेक्षा लवकर निघून जातं, आणि पाजताना दोघींना एकच माप. चार-सहा धडधाकट शेळ्या दोन आठवडे बिनऔषधाच्या ठेवायच्या. का, ते पोरांनाच विचारा: अंडी आपोआप कमी झाली असती तर? चौदाव्या दिवशी परत सॅम्पल, आणि ह्यावेळी नंबर बदलून द्यायचे, मोजणाऱ्याला कळता कामा नये कुठलं आधीचं आणि कुठलं नंतरचं, नाहीतर मन आपोआप कमी मोजतं.

हिशोब सोपा आहे. समजा सरासरी ८०० ची २४० झाली तर घट ७० टक्के, आणि घट ९५ टक्क्यांच्या खाली आली की औषधाला जंत दाद देत नाहीत असा संशय घ्यायचा. संशयच, कारण डोस नीट पोटात गेला का, औषध जुनं होतं का, हे आधी तपासायला लावायचं.

आठवड्यातून अर्धा तास पोरांबरोबर बसा आणि फक्त वही बघा. खाडाखोड चालेल, फाडलेलं पान नाही. मनासारखं नाही आलं म्हणून आकडा गाळला की मी चिडतो, एवढ्याच एका गोष्टीवर.

रिझल्ट कळपवाल्याला सांगायला पोरांनाच पाठवायचं. ती पोरगी गेली तर म्हातारबांनी विचारलं, मग आता कुठलं पाजू? "बघून सांगते" म्हणून परत आली, दिवाळीच्या सुट्टीत दुसऱ्या औषधावर तेच सगळं करायचंय, मार्कर आणून ठेवलेत.